शक्तिप्रेषण प्रणालीतील फेरबदलानंतर गिअरबॉक्समध्ये उद्भवणाऱ्या आवाजाचे निदान : फोर्ड मस्टँगच्या टी-५ गिअरबॉक्सच्या संदर्भात

सारांश :

वेगवान मोटारीच्या क्लच, फ्लायव्हील, प्रोपेलर शाफ्ट किंवा मागील आसाच्या गिअरमध्ये फेरबदल केल्यानंतर गिअरबॉक्समधून अपरिचित आवाज येऊ लागतो. असा प्रत्येक आवाज गिअरबॉक्समधील बिघाडाचा निदर्शक असतोच असे नाही. काही आवाज मुळातच अस्तित्वात असतात व फेरबदलामुळे ते प्रथमच ऐकू येतात; काही आवाज गिअरबॉक्सच्या बाहेर निर्माण होऊन त्याच्या कवचातून प्रकट होतात; तर काही आवाज खऱ्याखुऱ्या झिजेची पूर्वसूचना देतात. प्रस्तुत लेखात १९७९ ते १९९३ या काळातील फोर्ड मस्टँग मोटार आणि तिच्यातील टी-५ हा पाच गतींचा गिअरबॉक्स यांचे उदाहरण घेऊन, गिअरबॉक्स न उघडता आवाजाचे मूळ शोधण्याच्या पद्धतीचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : गिअरबॉक्स, क्लच, पीळ कंपने, बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट, निदान.

प्रस्तावना :

यंत्राचा आवाज ऐकून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्याची पद्धत यंत्रांइतकीच जुनी आहे. अनुभवी कारागीर लांब पेचकसाचे टोक यंत्राच्या कवचावर टेकवून मूठ कानाशी धरतो आणि बेअरिंगचा दोष ओळखतो. परंतु या पद्धतीमागे एक गृहीतक दडलेले असते. यंत्राचा मूळ आवाज कसा होता हे कारागिराला ठाऊक असते व त्याच्याशी तुलना करूनच तो निष्कर्ष काढत असतो. मोटारीत फेरबदल केल्यानंतर तुलनेचा हा आधारच नाहीसा होतो. नव्या जुळणीचा 'निरोगी' आवाज कसा असावा हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे निरोगी गिअरबॉक्स उघडला जाणे आणि सदोष गिअरबॉक्स 'आता असा आवाज येणारच' म्हणून तसाच चालवला जाणे, या दोन्ही चुका सारख्याच सहजतेने घडतात. पहिल्या चुकीची किंमत पैशात मोजता येते. दुसऱ्या चुकीत मात्र वेगात धावणाऱ्या मोटारीचे बेअरिंग जाम होण्याचा अथवा शाफ्ट तुटण्याचा धोका संभवतो.

या समस्येच्या अभ्यासासाठी फोर्ड मस्टँगचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९७९ ते १९९३ या काळात तयार केलेल्या या पिढीच्या मोटारी तुलनेने स्वस्त, हलक्या व सुट्या भागांच्या दृष्टीने समृद्ध होत्या. परिणामी घरच्या घरी फेरबदल करणाऱ्यांची ती अत्यंत आवडती मोटार ठरली. '५.० लिटर' म्हणून विकले गेलेले तिचे ३०२ घनइंची व्ही-८ इंजिन १९८७ ते १९९२ या काळात २२५ अश्वशक्ती व ३०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर, टॉर्क देत असे. या इंजिनाला १९८३ पासून बोर्ग-वॉर्नर कंपनीचा टी-५ गिअरबॉक्स जोडला जाऊ लागला. पुढे या कंपनीचा हस्तचलित गिअरबॉक्सचा व्यवसाय ट्रेमेक या कंपनीकडे गेला. १९९० नंतरच्या मस्टँगमधील टी-५ ची क्षमताही साधारणतः ३०० पाउंड-फूट एवढीच सांगितली जात असे. याचा अर्थ, इंजिनाची शक्ती वाढवण्यापूर्वीच गिअरबॉक्स आपल्या मर्यादेच्या काठावर उभा होता. त्यामुळे फेरबदलानंतरच्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे या मोटारीत परवडणारे नाही.

लेखाची उद्दिष्टे :

१) फेरबदलामुळे आवाजाची निर्मिती व त्याचा प्रवास यांत कोणते बदल होतात हे स्पष्ट करणे.
२) मोटार उभी असताना व धावत असताना करावयाच्या चाचण्यांची क्रमवार मांडणी करणे.
३) निरुपद्रवी आवाज व धोकादायक आवाज यांत भेद करण्याचे निकष सांगणे.

गिअरबॉक्सची रचना :

निदानाची संपूर्ण पद्धत एका प्रश्नावर आधारलेली आहे : विशिष्ट क्षणी कोणता भाग फिरतो आहे आणि कोणत्या भागावर भार आहे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी रचनेची ओळख आवश्यक आहे.

टी-५ हा सतत गुंतलेल्या गिअरचा गिअरबॉक्स होय. क्लचकडून येणारा इनपुट शाफ्ट आपल्या गिअरद्वारे खालच्या काउंटर शाफ्टला फिरवतो. काउंटर शाफ्टवरील गिअर वरच्या मेन शाफ्टवरील गिअरशी कायम गुंतलेले असतात. मात्र मेन शाफ्टवरील हे गिअर शाफ्टवर मोकळे फिरतात. चालकाने गिअर टाकला की सिंक्रोनायझरची कडी त्यांपैकी एका गिअरला मेन शाफ्टशी जखडते आणि शक्ती त्या मार्गाने पुढे जाते. १९८५ ते १९८९ या काळातील ५.० लिटर मस्टँगमध्ये गिअरची गुणोत्तरे पहिल्यापासून अनुक्रमे ३.३५, १.९३, १.२९, १.०० व ०.६८ अशी होती.

यांपैकी चौथा गिअर निदानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे गुणोत्तर १.०० आहे, कारण त्यात इनपुट शाफ्ट व मेन शाफ्ट थेट एकमेकांशी जोडले जातात. काउंटर शाफ्ट तेव्हाही फिरत राहतो, परंतु त्याच्यावर शक्तीचा भार नसतो. अन्य सर्व गिअरमध्ये मात्र शक्तीला काउंटर शाफ्टमधूनच जावे लागते.

फेरबदलांमुळे आवाजात होणारे बदल :

फेरबदलांचे परिणाम तीन गटांत विभागता येतात. पहिल्या गटात कंपने अडवणारा भाग काढून टाकला जातो. दुसऱ्या गटात भागांची भौमितिक जुळणी बिघडते. तिसऱ्या गटात फिरण्याचा वेग किंवा भार वाढतो.

अ) कंपने अडवणारे भाग :

चार फेऱ्यांच्या आठ सिलिंडरी इंजिनात क्रँक शाफ्टच्या एका फेरीत चार स्फोट होतात. मिनिटाला ७०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर हे धक्के सेकंदाला सुमारे ४७ इतके असतात. प्रत्येक धक्क्यासरशी क्रँक शाफ्ट किंचित पुढे झेपावतो व लगेच मंदावतो. यालाच पीळ कंपने म्हणतात. फ्लायव्हीलचे जडत्व हा चढउतार कमी करते. क्लच प्लेटच्या मध्यभागी बसवलेल्या स्प्रिंगा उरलेला धक्का शोषून घेतात.

जलद गती घेण्यासाठी हलके फ्लायव्हील बसवले की जडत्व घटते. स्पर्धेच्या वापरासाठी स्प्रिंगा नसलेली क्लच प्लेट बसवली की उरलेला अडसरही नाहीसा होतो. मग इंजिनाचा प्रत्येक धक्का इनपुट शाफ्टपर्यंत पोहोचतो. गिअर न्यूट्रलमध्ये असताना मेन शाफ्टवरील मोकळ्या गिअरवर कोणताही भार नसतो. त्यांच्या दात्यांमध्ये आवश्यक तेवढी मोकळीक असते. त्या मोकळिकीत दाते पुढे-मागे आपटू लागतात आणि डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड ऐकू येते. हा आवाज गिअरबॉक्समध्येच निर्माण होतो, परंतु त्याचे कारण गिअरबॉक्समध्ये नसते. नवा गिअरबॉक्स बसवला तरी तो तसाच राहतो.

आवाजाचा प्रवास अडवणारे भागही याच गटात येतात. गिअरबॉक्सखालील रबरी माउंटिंगच्या जागी पॉलियुरेथेन किंवा धातूचे माउंटिंग बसवणे, तसेच गिअर लिव्हरमधील रबर काढून पूर्ण धातूचा आखूड लिव्हर बसवणे, हे लोकप्रिय फेरबदल आहेत. त्यांमुळे गिअरबॉक्सची नेहमीची गुणगुण थेट मोटारीच्या सांगाड्यात व चालकाच्या हातात पोहोचते. येथे नवा आवाज निर्माण झालेला नसतो. जुन्या आवाजाला नवी वाट मिळालेली असते.

आ) भौमितिक जुळणी :

इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणारी बेल हाउसिंग हा निदानात वारंवार दुर्लक्षिला जाणारा भाग होय. क्लच फुटल्यास चालकाला इजा होऊ नये म्हणून स्पर्धेच्या मोटारीत मूळ ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगऐवजी पोलादी बेल हाउसिंग बसवली जाते. बदललेली हाउसिंग इंजिनावर बसवल्यावर तिच्या मधल्या छिद्राचा केंद्रबिंदू क्रँक शाफ्टच्या केंद्रबिंदूशी जुळेलच याची खात्री नसते. केंद्रांतील फरक ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, याहून अधिक नसावा असा कार्यशाळांतील रूढ निकष आहे. ही मर्यादा साध्या कागदाच्या जाडीहून फारशी अधिक नाही.

हा फरक मोजण्यासाठी डायल गेजचा पाया क्रँक शाफ्टवर अथवा फ्लायव्हीलवर घट्ट बसवून त्याचे टोक हाउसिंगच्या छिद्राच्या आतील कडेवर टेकवतात आणि क्रँक शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरी फिरवतात. गेजवरील एकूण चढउताराची निम्मी संख्या हा केंद्रांतील फरक असतो. फरक अधिक आढळल्यास विकेंद्री डोवेल पिन वापरून तो दुरुस्त करता येतो. ही तपासणी न केल्यास इनपुट शाफ्टचे पुढचे टोक पायलट बेअरिंगमध्ये व मागचा भाग गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये सतत वाकवला जातो. बेअरिंग झिजते, घरघर सुरू होते, मालक गिअरबॉक्स बदलतो आणि काही काळाने नव्या गिअरबॉक्समध्येही तीच घरघर सुरू होते. अशा वेळी दोष गिअरबॉक्सच्या उत्पादकाला दिला जातो; प्रत्यक्षात तो दोन नटबोल्टांच्या पलीकडे असतो.

भौमितिक जुळणीचा दुसरा भाग प्रोपेलर शाफ्टच्या कोनांशी संबंधित आहे. मस्टँगच्या या पिढीत मागे अखंड आस होता. मोटार खाली बसवण्यासाठी आखूड स्प्रिंगा टाकल्या की आस व गिअरबॉक्स यांच्यातील कोन बदलतात. युनिव्हर्सल जॉईंट कोनात फिरत असताना एकसमान गती पुढे देत नाही. दर फेरीत त्याची गती दोनदा वाढते व दोनदा घटते. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार वरखाली सुमारे ०.१४ टक्के असतो, तर ६ अंशांत तो सुमारे ०.५५ टक्के होतो. म्हणजेच कोन दुप्पट झाला की चढउतार चौपट होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असून गिअरबॉक्सचा शाफ्ट व आसाचा पिनियन परस्परांना समांतर असतील तर दुसरा जॉईंट पहिल्याचा चढउतार भरून काढतो. ही समांतरता बिघडली की शाफ्टच्या गतीच्या दुप्पट वारंवारतेची घुमणारी कंपने निर्माण होतात व ती गिअरबॉक्सच्या मागील टोकातून ऐकू येतात.

इ) वाढलेला वेग व भार :

मागील आसाचे गुणोत्तर २.७३ वरून ४.१० करणे हा या मोटारीतील एक परिचित फेरबदल आहे. त्याचा परिणाम एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरल्यास ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ८३३ फेऱ्या घेते. २.७३ गुणोत्तरात प्रोपेलर शाफ्टच्या सुमारे २,२७५ फेऱ्या होतात, ४.१० गुणोत्तरात त्याच वेगाला सुमारे ३,४१७ फेऱ्या होतात. असमतोलामुळे निर्माण होणारे बल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शाफ्टमधील तोच जुना असमतोल आता सुमारे सव्वादोन पट बल निर्माण करतो. पूर्वी कधीही न जाणवलेले कंपन फेरबदलानंतर प्रकट होण्याचे हे सरळ कारण आहे. शाफ्ट बिघडलेला नसतो. तो केवळ पूर्वी न गेलेल्या वेगाला पोहोचलेला असतो.

येथे आणखी एक बाब उद्बोधक ठरते. २.७३ च्या संचात क्राऊनला ४१ व पिनियनला १५ दाते असतात, तर ४.१० च्या संचात क्राऊनला ४१ व पिनियनला १० दाते असतात. दाते गुंतण्याची वारंवारता म्हणजे चाकाच्या सेकंदातील फेऱ्या गुणिले क्राऊनचे दाते. ताशी १०० किलोमीटर वेगाला ती दोन्ही संचांत सुमारे ५७० हर्ट्झ एवढीच येते. त्यामुळे फेरबदलानंतर याच वेगाला याच पट्टीतील शिट्टीसारखा आवाज नव्याने ऐकू आल्यास वाढलेला वेग हे त्याचे कारण मानता येत नाही. नव्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांचा स्पर्श व त्यांची मोकळीक योग्य बसवली गेली नसावी, असा संशय तेथे बळावतो.

निदानाची क्रमवार पद्धत :

प्रत्यक्ष निदानाचा आरंभ बाहेरून करावा. सायलेन्सरचा पाइप गिअरबॉक्सच्या आडव्या आधाराला किंवा मोटारीच्या तळाला टेकत नाही ना, माउंटिंगचे बोल्ट घट्ट आहेत ना आणि गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी व प्रकार योग्य आहे ना, हे प्रथम पाहावे. १९८५ नंतरच्या मस्टँगमधील टी-५ साठी जाड गिअर ऑइल नव्हे, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल सांगितलेले आहे. आवाज दाबण्यासाठी जाड तेल ओतल्यास आवाज काही काळ कमी होतो; परंतु सिंक्रोनायझरचे कार्य बिघडते, बारीक बेअरिंगपर्यंत तेल नीट पोहोचत नाही आणि निदानाचा पुरावाही झाकला जातो.

मोटार उभी असताना करावयाच्या चाचण्या :

पहिली स्थिती : इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, क्लच पेडल सोडलेले. या स्थितीत इनपुट शाफ्ट, काउंटर शाफ्ट व मेन शाफ्टवरील मोकळे गिअर फिरतात. मेन शाफ्ट स्थिर असतो. इनपुट शाफ्ट क्रँक शाफ्टबरोबरच फिरत असल्याने पायलट बेअरिंगमध्ये सापेक्ष गती नसते. म्हणून येथे ऐकू येणाऱ्या आवाजाचा दोष पायलट बेअरिंगकडे जात नाही.

दुसरी स्थिती : पेडल किंचित दाबलेले. आता रिलीज बेअरिंगवर भार येऊ लागतो, परंतु क्लच अद्याप सुटलेला नसतो. नेमक्या याच क्षणी आवाज सुरू झाला किंवा बदलला तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. मस्टँगच्या या पिढीत क्लच केबलने चालत असे. मूळ स्वयंसमायोजक यंत्रणा काढून हाताने समायोजित करावयाची केबल बसवली असल्यास तिचा ताण आधी तपासावा. ताण अधिक असल्यास बेअरिंगवर कायम अनावश्यक भार राहतो.

तिसरी स्थिती : पेडल पूर्ण दाबलेले व पहिला गिअर टाकलेला, मोटार ब्रेकवर स्थिर. आता इनपुट शाफ्ट थांबलेला असतो, परंतु क्रँक शाफ्ट फिरत असतो. पायलट बेअरिंगमध्ये सापेक्ष गती याच स्थितीत सर्वाधिक असते. पेडल किंचित दाबले असता नसलेला आणि पूर्ण दाबल्यावरच येणारा किंचाळल्यासारखा आवाज पायलट बेअरिंगकडे निर्देश करतो.

पहिल्या स्थितीतील आवाज पेडल पूर्ण दाबताच बंद होत असेल तर दोन शक्यता उरतात : दात्यांची खडखड अथवा इनपुट वा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगची झीज. या दोहोंतील भेद निदानातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. इंजिनाचा वेग ७०० वरून हळूहळू १,२०० फेऱ्यांपर्यंत वाढवावा. दात्यांची खडखड या वाढीत विरून जाते, कारण वेग वाढताच इंजिनाची गती अधिक एकसमान होते. बेअरिंगची घरघर मात्र वेगाबरोबर पट्टी चढवत जाते. खडखड तेल गरम होऊन पातळ झाल्यावर वाढते आणि हलके फ्लायव्हील बसवल्याच्या दिवसापासून साधारण सारखीच राहते. बेअरिंगची घरघर दिवसागणिक वाढते. कालक्रमाची ही नोंद कानाइतकीच महत्त्वाची आहे.

फ्लायव्हीलच्या संदर्भात आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. या ३०२ घनइंची इंजिनाचा समतोल अंशतः फ्लायव्हीलवरील वजनाने साधलेला असतो. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या इंजिनांसाठी हे मूल्य २८ औंस-इंच होते. त्यानंतरच्या इंजिनांसाठी ते ५० औंस-इंच झाले. जुन्या मूल्याचे फ्लायव्हील नव्या इंजिनावर बसते, परंतु इंजिन थरथरते. हे कंपन पेडल दाबल्याने किंवा गिअर बदलल्याने थांबत नाही. ते केवळ इंजिनाच्या वेगाबरोबर बदलते. याच खुणेवरून ते गिअरबॉक्सच्या आवाजापासून वेगळे काढता येते.

मोटार धावत असताना करावयाच्या चाचण्या :

१) पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या व पाचव्या गिअरमध्ये आवाज येतो, परंतु चौथ्यात तो स्पष्टपणे घटतो, असे आढळल्यास काउंटर शाफ्टची बेअरिंगे किंवा त्याला फिरवणारी पहिली गिअरजोडी संशयास्पद ठरते.

२) आवाज एकाच गिअरमध्ये येत असल्यास त्या गिअरजोडीचे दाते तपासावे लागतात. स्पर्धेसाठी सरळ दात्यांचे गिअर बसवले असल्यास त्यांचा मोठा सूर स्वाभाविक मानावा; तिरक्या दात्यांप्रमाणे ते क्रमाक्रमाने गुंतत नाहीत. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सचा सूर मोठा असतो त्याचेही कारण हेच आहे.

३) एकाच वेगाने, उदाहरणार्थ ताशी ७० किलोमीटरने, मोटार प्रथम तिसऱ्या, मग चौथ्या व मग पाचव्या गिअरमध्ये चालवावी. इंजिनाचा वेग बदलूनही आवाजाची पट्टी बदलली नाही तर आवाजाचे मूळ गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आस किंवा चाके यांत आहे. आसाची शिट्टी पोकळ शाफ्टमधून पुढे येऊन गिअर लिव्हरजवळ ऐकू येते व श्रोत्याची दिशाभूल करते.

४) ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना आवाजात फरक पडतो का हे पाहावे. भाराची दिशा उलटली की दात्यांची दुसरी बाजू कामाला लागते आणि तिरक्या दात्यांमुळे शाफ्टवर पडणारा आडवा दाबही उलट दिशेने जातो. केवळ एकाच दिशेला येणारा आवाज शाफ्टची लांबीच्या दिशेने वाढलेली मोकळीक किंवा क्राऊन-पिनियनची सदोष जुळणी सुचवतो.

या चाचण्या बंदिस्त किंवा निर्मनुष्य मार्गावर कराव्यात. उतारावर इंजिन बंद करून मोटार सोडून देण्याची पद्धत सर्वथा टाळावी. तशा स्थितीत ब्रेकचे साहाय्य नाहीसे होते व स्टिअरिंगला कुलूप लागण्याचा धोका असतो. मोटार उचलून चाके अधांतरी फिरवायची असल्यास आधार आसाखाली द्यावा. आस खाली लोंबत असताना शाफ्टचे कोन रस्त्यावरील कोनांपेक्षा वेगळे असतात व जो दोष रस्त्यावर नाही तो तेथे दिसू लागतो.

अखेरचा पुरावा तेलातून मिळतो. तेल काढल्यावर आढळणारी बारीक करडी भुकटी नित्य झिजेची असते. पातळ चकचकीत पापुद्रे किंवा तुकडे आढळल्यास बेअरिंगचा अथवा दात्यांचा पृष्ठभाग सुटू लागला आहे, असे समजून मोटार चालवणे तत्काळ थांबवावे. वरील चाचण्यांनी बेअरिंगकडे निर्देश केला आणि तेलानेही त्यास दुजोरा दिला, तरच गिअरबॉक्स उघडण्याचा निर्णय युक्त ठरतो.

फेरबदलांचा क्रम व निदानाची शक्यता :

समजा, एखाद्या मालकाने एकाच वेळी हलके फ्लायव्हील, कडक क्लच, आखूड स्प्रिंगा व ४.१० चा क्राऊन-पिनियन बसवला. त्यानंतर आलेला आवाज चारपैकी कोणत्याही बदलाचा परिणाम असू शकतो आणि त्यांतील दोन कारणे एकाच वेळी कार्यरत असू शकतात. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलण्याचा जो नियम पाळला जातो, तो कार्यशाळेतही तितकाच मोलाचा आहे. प्रत्येक बदलानंतर वरील सर्व स्थितींतील आवाजाची नोंद, शक्य असल्यास ध्वनिमुद्रण, करून ठेवल्यास हरवलेला तुलनेचा आधार पुन्हा निर्माण करता येतो. आज मोबाईल फोनवरही वारंवारता मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. दात्यांच्या शिट्टीसारख्या काही शे हर्ट्झच्या आवाजांसाठी ती उपयोगी पडतात. मात्र कोणत्या भागाची वारंवारता किती असावी याचे गणित आधी मांडलेले नसेल, तर पडद्यावरील आलेख काहीही सांगत नाही.

भारतीय संदर्भ :

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या तपशिलापेक्षा भिन्न ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात ही मर्यादा अधोरेखित केली आहे. त्यामुळे अमेरिकेतील फेरबदलांचे अनुकरण येथील सार्वजनिक रस्त्यावर करण्यापूर्वी कायद्याचा विचार अपरिहार्य आहे. मात्र निदानाची ही पद्धत येथील अभियांत्रिकी शिक्षणाला निश्चितच उपयुक्त आहे. २००७ पासून भरणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे विद्यार्थी वाहने तयार करतात. एका वाहनाचा गिअरबॉक्स दुसऱ्याच इंजिनाला जोडण्याचा प्रसंग अशा कामात येतो आणि अशी प्रत्येक जुळणी म्हणजे एक फेरबदलच असतो. दोन यंत्रांचे केंद्र जुळले आहे का, हा प्रश्न तेथेही पहिला असला पाहिजे.

निष्कर्ष :

१) फेरबदलानंतर गिअरबॉक्समधून ऐकू येणारा आवाज गिअरबॉक्समधील बिघाडाचा पुरावा ठरत नाही. आवाजाचे उगमस्थान, त्याचे कारण व तो ऐकू येण्याचे ठिकाण या तीन स्वतंत्र बाबी आहेत.

२) क्लच पेडलच्या तीन स्थिती, थेट जोडलेला चौथा गिअर व समान वेगाला भिन्न गिअर या साध्या चाचण्यांनी बहुतांश शक्यता गिअरबॉक्स न उघडता वगळता येतात.

३) वेग वाढवताच विरणारी व काळानुसार न वाढणारी खडखड सहसा निरुपद्रवी असते. वेगाबरोबर चढणारी व दिवसागणिक वाढणारी घरघर धोकादायक समजावी.

४) बेल हाउसिंगचे केंद्र तपासल्याविना गिअरबॉक्स बदलणे म्हणजे नवा गिअरबॉक्सही त्याच कारणाने गमावण्याची तयारी करणे होय.

५) एका वेळी एकच बदल व प्रत्येक बदलाची नोंद ही शिस्त पाळल्यास निदान सुकर होते. ही शिस्त न पाळणाऱ्याला कुशल कारागीरही केवळ अंदाज सांगू शकतो.